तारेखालची फट

बेस गिटारचा पिकअप तारेच्या फार जवळ आणला, की त्यातलं चुंबक तार ओढतं आणि नाद लवकर विझतो. फार खाली नेला तर आवाज दुबळा. फेंडरचा इलेक्ट्रिक बेस १९५१ सालचा. पण मंडळी, आमच्या कोरेगावच्याच रेल्वेमार्गावरच्या मिरजेत ही केसभर फट त्याआधीपासून कानाने साधतात. हत्यारांचं काम आटल्यावर शिकलगार फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. तंबोऱ्याची घोडी कानसेने हलकेच घासायची, तार तिला पुसटशी टेकवायची, खाली सुती दोरा सरकवायचा, हीच जवारी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नाव राखलं जाईल. जवारीचा कान मात्र कारागिराशेजारी वर्षानुवर्षं बसूनच तयार होतो, आणि मला वाटतं, तेवढं बसायला पोटापुरतं काम हवं.