पद्योच्चार, मराठी रंगभूमीवरील

नाटकातील पद्य रंगमंचावर कोणी व कसे उच्चारावे, यासंबंधीची परंपरा. मराठीत तिचा आरंभ सांगलीस झाला. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने सीतास्वयंवराचा प्रयोग केला. त्यात पदे सूत्रधार म्हणे व पात्रे उत्स्फूर्त गद्यात बोलत. पद्य हे निवेदन होते, पात्राचे भाषण नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलात (१८८०) पदे पात्रांच्या मुखी आली. साकी, दिंडी यांच्या सुटसुटीत चालींत शब्द स्पष्ट राहत व पद संवादाचाच भाग ठरे. पुढे मानापमान (१९११) व स्वयंवर (१९१६) यांमध्ये रागदारीस प्राधान्य मिळाले. हल्लीच्या पलूस तालुक्यातील नागठाण्याशी संबंधित असलेले बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी शब्द, भाव व स्वर यांचा मेळ साधला; तथापि ‘वन्स मोअर’च्या प्रथेने नाट्यव्यापार खंडित होई. अनुकरण करणाऱ्यांकडून पुष्कळदा तानाच उचलल्या गेल्या, शब्दोच्चार मागे राहिला.

फ्रेंच रंगभूमीवर रासीनच्या बारा अवयवांच्या चरणाविषयी असाच वाद आहे : तेथे नटाला चरणाची लय आणि बोलण्यातील सहजता यांचा तोल सांभाळावा लागतो. मराठीत जुनी संगीत नाटके आता पदे कमी करून सादर होतात. परंतु केवळ पदांची काटछाट केल्याने प्रश्न सुटत नाही. पद गाताना पात्र कोणाशी व का बोलत आहे, हे प्रेक्षकास कळणे, हीच पद्योच्चाराची खरी कसोटी होय.