यंत्राचा रोजनामा

जबलपूर येथे १९४२ साली तार आणि टेलिफोन खात्यातील कर्मचाऱ्यांना शिकविणारे एक केंद्र उघडले गेले. भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था या नावाने ते आज ओळखले जाते. तारेच्या काळात या व्यवसायात शिरणाऱ्याला एक विद्या अवगत करून घ्यावी लागे. शेकडो मैल लांबीच्या तारेत दोष नेमका कोठे आहे, हे सारी तार पायी न तुडविता ठरविण्याची ती विद्या होय. मधल्या ठाण्यावर तार सोडवून दोन्ही बाजू तपासावयाच्या, जी बाजू निर्दोष ठरेल ती बाजूला ठेवावयाची, आणि उरलेल्या बाजूचे पुन्हा दोन भाग करावयाचे. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण ही विद्या तिच्याबरोबर संपली नाही. टेबलावरचा संगणक अडून बसला म्हणजे आजही तीच उपयोगी पडते. लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीच्या संदर्भात या दोषशोधनाचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

जबलपूरचा आणि लिनक्सचा संबंध न्यायालयांमुळे आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरच्या उच्च न्यायालयाचा वारसा घेऊन मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला हे त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश. पुढे २००४ साली न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी न्यायमूर्ती भरुका यांच्या अध्यक्षतेखाली ई-कमिटी नेमली गेली. त्यातून उभ्या राहिलेल्या ई-कोर्ट्‌स योजनेने मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण पत्करले. न्यायाधीशांच्या आणि कचेऱ्यांच्या संगणकांवर उबुंटू ही लिनक्सची एक आवृत्ती आली, आणि खटल्यांच्या नोंदींचे सॉफ्टवेअर पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केले. ज्या न्यायाधीशांनी आणि कारकुनांनी तोपर्यंत दुसरीच प्रणाली पाहिली होती, त्यांना नवी शिकावी लागली. मध्य प्रदेशातील न्यायाधीशांना शिकविणारी राज्य न्यायिक अकादमी जबलपुरातच आहे.

संगणक बिघडल्याचा अर्थ न्यायालयात फार साधा असतो. नक्कल मिळत नाही, तारीख कळत नाही, आणि मंडल्याहून किंवा कटनीहून बसने आलेला पक्षकार संध्याकाळी तसाच परत जातो. म्हणून दोष कोठे आहे, आणि तो पाहण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न तेथे निव्वळ तांत्रिक राहत नाहीत.

गंमत अशी, की मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगमच एका छपाईयंत्राच्या खोडीत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने एक नवे लेसर छपाईयंत्र दिले. त्यात कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रॅमरने पूर्वीच्या यंत्रासाठी एक सोय केलेली होती. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्या सर्वांना तशी सूचना जाई, आणि कोणीतरी उठून तो सोडवी. नव्या यंत्रात तीच सोय करावी म्हणून त्याने सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर मागितला, तो त्याला नाकारण्यात आला. हा नकार त्याच्या मनात राहिला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. वाचता येईल, बदलता येईल आणि दुसऱ्याला देता येईल, असे सॉफ्टवेअर उभे करावयाचे, हा त्याचा संकल्प होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. आपल्याजवळ आहे त्या जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसऱ्या कशावर ती बहुधा चालणार नाही, असेही त्याने बजावले होते. त्याच्या गाभ्याला ग्नूच्या साधनांची जोड मिळाली आणि लिनक्स प्रणाली उभी राहिली.

या वंशपरंपरेमुळे लिनक्समध्ये एक गुण उतरला, तो म्हणजे नोंद ठेवण्याचा. महाराष्ट्रातील न्यायालयांत ज्याला रोजनामा म्हणतात आणि इकडे आदेशपत्रिका म्हणतात, तसे काहीसे लिनक्समध्ये असते. संगणक सुरू झाल्यापासून गाभ्याला कोणते यंत्र सापडले, कोणते सापडले नाही, कोणी उत्तर दिले नाही, हे सारे क्षणाच्या आकड्यासह लिहिले जाते. डीमेसेज नावाची आज्ञा दिली की ते पडद्यावर येते. पडदा काळा पडला, आवाज येईना, छपाईयंत्र ओळखीचे वाटेना, तर जाणता मनुष्य प्रथम ही नोंद वाचतो. अलीकडे, २०१० नंतरच्या काळात, सिस्टमडी नावाच्या व्यवस्थेने ही नोंद साध्या अक्षरांऐवजी स्वतःच्या सांकेतिक स्वरूपात ठेवावयास सुरुवात केली. त्यावर जुन्या मंडळींनी मोठा वाद केला. कोणत्याही साधनाने वाचता येणारी नोंद हीच खरी नोंद, असे त्यांचे म्हणणे होते. दप्तराच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ते पटते.

तथापि नोंद नेहमीच पुरत नाही. दोष यंत्राचा की प्रणालीचा, हा पहिला फाटा तिथे अनेकदा सुटत नाही, आणि मग तारेची जुनी रीत कामाला येते. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर याने २००० साली क्नॉपिक्स नावाची लिनक्सची एक सीडी तयार केली. हार्ड डिस्कला हात न लावता सबंध प्रणाली त्या सीडीवरूनच चालू होई. तिचा उपयोग नवख्यांना लिनक्स दाखविण्यासाठी झालाच. पण दोषशोधकांच्या दृष्टीने ते मधले ठाणेच होते. सीडीवरून संगणक नीट चालला तर यंत्र बव्हंशी निर्दोष, दोष डिस्कवर किंवा तीवरील प्रणालीत. तसाच अडला तर शोध यंत्राकडे वळवावा. मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून पाहणे हीदेखील तीच युक्ती. उबुंटूच्या निर्मात्यांनी २००५ पासून २०११ पर्यंत अशा सीड्या जगभर टपालाने फुकट पाठविल्या. भारतातल्या लहान गावांतील कित्येक विद्यार्थ्यांनी लिनक्स प्रथम पाहिले ते टपालातून आलेल्या या सीडीवरच.

मध्य प्रदेशात आणखी एका दोषाशी गाठ होती, ती विजेशी. राज्याच्या वीज मंडळाचे मुख्यालय जबलपुरात असले, तरी शतकाच्या आरंभी भारनियमन इतके वाढले होते, की २००३ च्या विधानसभा निवडणुकीत वीज हा एक प्रमुख प्रश्न झाला. लिहिता लिहिता वीज गेली, की डिस्कवरील नोंदी अर्धवट राहत. जुन्या रचनेत पुढच्या वेळी सारी डिस्क पहिल्यापासून तपासली जाई आणि तोवर संगणक कोणाचे ऐकत नसे. नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झालेल्या ईएक्सटी-३ या रचनेने ही अडचण बरीचशी दूर केली. काय बदलावयाचे ते आधी एका छोट्या वहीत लिहावयाचे, मग बदलावयाचे. मध्येच वीज गेली तर फक्त ती वही वाचावयाची. आवक-जावकाची वही सांभाळणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. अर्थात न साठविलेले पत्र त्यानेही परत मिळत नाही.

जेथे नोंद उघडी होती तेथे दोष सापडत गेले. जेथे यंत्र करणाऱ्याने आपले गुपित राखले, तेथे मात्र लिनक्सवाल्यांची वर्षानुवर्षे कोंडी झाली. १९९० नंतर स्वस्त मोडेम निघाले, त्यांचे बरेचसे काम यंत्र न करता एका विशिष्ट प्रणालीचे सॉफ्टवेअर करीत असे. लिनक्समध्ये ते मोडेम मुके राहत. नंतर वायरलेसच्या चिपांनी आणि चित्रपटलाच्या कार्डांनी तोच प्रकार केला. एनव्हिडिया कंपनीने गाभ्याशी बोलणारा आपला मजकूर खुला केला तो मे २०२२ मध्ये. माझे मत असे, की लिनक्सच्या माथी मारले गेलेले निम्मे बिघाड हे वास्तविक अशा गुप्ततेचे परिणाम होते. पण टेबलाशी बसलेल्याला ते कसे दिसावे? त्याला दिसते ते एवढेच, की कालचे यंत्र आज चालत नाही.

अर्धे-अर्धे करण्याच्या रीतीचे सर्वांत सुंदर रूप खुद्द लिनक्सच्या घडणीत आढळते. एप्रिल २००५ मध्ये टॉरवाल्ड्‌सने बदलांची नोंद ठेवण्यासाठी गिट नावाचे साधन लिहिले. गाभ्याच्या जुन्या आवृत्तीत आवाज येत होता आणि नव्या आवृत्तीत येत नाही, असे झाले, तर मधल्या हजार बदलांतला दोषी कोणता? गिट मधला बदल काढून देते. तो चालवून पाहावयाचा, आणि उत्तराप्रमाणे एक अर्धे टाकून द्यावयाचे. हजारांतला दोषी दहा परीक्षांत हाती येतो. त्यासाठी ध्वनीचे शास्त्र येण्याची गरज नसते, चिकाटी मात्र हवी. ज्याचे यंत्र बिघडले तोच, मग तो कोठल्याही गावात असो, मूळ लेखकाला त्याच्या चुकीची ओळ दाखवू शकतो.

आता देवनागरीकडे वळतो, कारण मराठी आणि हिंदी कचेऱ्यांत बहुसंख्य तक्रारी येथल्याच. युनिकोडच्या संकेतात 'कि' लिहिताना आधी क साठविला जातो, मागून वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी यावयास हवी. ही अदलाबदल करण्याचे काम लिनक्समध्ये एके काळी निरनिराळे प्रोग्रॅम आपापल्या परीने करीत. म्हणून २००५ च्या सुमारास एकच शब्द लेखनाच्या खिडकीत शुद्ध दिसे आणि शेजारच्या फायरफॉक्समध्ये त्याची वेलांटी भलतीकडे जाई. फॉन्ट बदलून, प्रणाली पुन्हा घालून लोक थकत. दोष दोहोंतही नसे, तो मधल्या जुळणीत असे. मराठीची आणखी एक अडचण होती. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांतल्या; हा डोक्यावरचा रफार आणि तो आडवा र यांतला भेद हिंदीला ठाऊक नाही. रेड हॅट कंपनीने २००४ साली लोहित फॉन्ट मुक्त केले, तिच्या पुण्यातील कचेरीने ते पुढे सांभाळले, आणि असले भेद हळूहळू मार्गी लागले.

प्रणालीचे संदेशही भाषांतरित झाले. मध्य प्रदेश विद्युत मंडळात अभियंता असलेले रविशंकर श्रीवास्तव यांनी रतलामहून लिनक्सच्या हिंदी रूपासाठी केलेले काम मोठे आहे. मराठीचे काम बरेचसे पुण्यात झाले. पण संदेश मराठीत आला तरी त्यावरचा तोडगा बहुधा इंग्रजीत लिहिलेला असतो, आणि मराठी संदेश शोधात घातला तर काहीच हाती लागत नाही. जाणते लोक दोष शोधताना प्रणाली घटकाभर इंग्रजीत बोलावयास लावतात. हे मान्य करावयास जड जाते, पण वस्तुस्थिती तशी आहे.

न्यायालयांत उबुंटू आले तेव्हा जुने कागद उघडून पाहणारे पुष्कळ जण दचकले. वर्षानुवर्षे निकाल आणि अर्ज कृतिदेवसारख्या फॉन्टांत टंकलिखित झाले होते. त्या फॉन्टांत देवनागरी अक्षर खरे साठविलेलेच नसते. इंग्रजी अक्षराला देवनागरीचा मुखवटा चढविलेला असतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळून पडे आणि 'न्यायालय' या शब्दाच्या जागी काही इंग्रजी अक्षरे आणि तीन अर्धविराम उरत, कारण 'य' ची कळ अर्धविरामाची असे. लिनक्सने कागद बिघडविला, अशी ओरड झाली. वस्तुतः लिनक्स जे साठविले होते तेच दाखवीत होते.

अशा वेळी पुष्कळ कचेऱ्यांत कंत्राटदाराच्या माणसाला बोलावण्याचा प्रघात आहे, आणि तो माणूस सारी प्रणाली पुसून नव्याने घालतो. तक्रारीची चौकशी न करता अधिकाऱ्याची बदली करावी, त्यातलाच हा प्रकार. त्या दिवसापुरते काम चालते. नोंद पुसली जाते, आणि तोच दोष महिन्याभराने पुन्हा येतो. तिकडे कृतिदेवमधला जुना निकाल युनिकोडमध्ये आणावयाचा असेल, तर रूपांतराचे साधन एका क्षणात अक्षरे बदलून देते. पण मधले इंग्रजी शब्द आणि कलमांचे आकडे त्यात विपरीत होऊन बसतात, म्हणून मूळ छापील प्रत शेजारी ठेवून कोणातरी कारकुनाला ओळ अन् ओळ ताडून पाहावी लागते.