दिनविशेष : १२ सप्टेंबर – इटलीचा घरचाच सामना

२०१५ : अमेरिकन ओपन टेनिस स्पर्धेत महिला एकेरीची अंतिम लढत प्रथमच दोन इटालियन खेळाडूंमध्ये झाली. फ्लाविया पेनेटाने रॉबर्टा विंचीला ७-६, ६-२ असे हरवले. देशच काय, दोघींचा प्रांतही एक, पुलिया. पेनेटा ब्रिंडिसीची, तर विंची शेजारच्या तारांतोची. लहानपणापासून एकमेकींना ओळखणाऱ्या या दोघींनी १९९९ मध्ये फ्रेंच ओपनचे मुलींच्या दुहेरीचे विजेतेपदही जोडीनेच मिळवले होते.

खरे तर सगळ्यांचे डोळे सेरेना विल्यम्सकडे लागले होते. वर्षातील चारही ग्रँड स्लॅम जिंकण्याचे तिचे स्वप्न दोनच सामने दूर होते. पण उपांत्य फेरीत बिगरमानांकित विंचीने पहिला सेट गमावूनही तिला २-६, ६-४, ६-४ असे गारद केले. टेनिसमधील सर्वांत मोठ्या धक्क्यांत हा निकाल मोजायलाच हवा. अंतिम सामना पाहायला इटलीचे पंतप्रधान मातेओ रेन्झी थेट न्यूयॉर्कला पोहोचले. पराभवानंतरही विंची नेटजवळ मैत्रिणीच्या गळ्यात पडली. मग ३३ वर्षांच्या पेनेटाने करंडक स्वीकारतानाच निवृत्तीचा निर्णय जाहीर केला. तिचे हे एकेरीतील पहिले आणि एकमेव ग्रँड स्लॅम विजेतेपद.