तळटीप ७ : ‘आमचे जो बॉब’

लेखक इथे ज्यांना भक्तिभावाने ‘आमचे जो बॉब’ म्हणतो, ते जो बॉब ब्रिग्ज हे मुळात एक सोंग आहे. पत्रकार जॉन ब्लूम यांनी १९८२ मध्ये ‘डॅलस टाइम्स हेरल्ड’मधल्या सदरासाठी ते उभं केलं. मोटारीत बसून उघड्यावरच्या पडद्यावर स्वस्त भयपट चवीने पाहणारा हा तोंडाळ टेक्सन. परीक्षणात कलामूल्यांच्या चर्चेऐवजी तो चक्क हिशेब मांडी : मुडदे किती, उघडी छाती किती, मोटारींचे पाठलाग किती. ही थट्टा खरी, पण ज्या सिनेमांकडे इतर समीक्षक ढुंकूनही पाहत नसत, ते तो शेवटपर्यंत पाही. चाहत्यांचा जीव जडला तो यामुळेच. आफ्रिकेतल्या दुष्काळासाठीच्या मदतगीताचं त्याने केलेलं विडंबन वर्णद्वेषी ठरलं आणि १९८५ मध्ये त्या दैनिकाने सदर बंद केलं. आपला लेखक हा प्रसंग सफाईने टाळतो. पुढे ‘मॉन्स्टरव्हिजन’ या कार्यक्रमाने त्याला घरोघरी नेलं. २०१८ मध्ये ‘शडर’ या स्ट्रीमिंग सेवेवर तो परतला, तेव्हा प्रेक्षकांच्या गर्दीने ती सेवाच कोलमडली.