पोपटी नसलेला पोपट

मराठीतील रंगांची कितीतरी नावे वस्तूंवरून आली आहेत. नारिंगी, जांभळा, राखी, आकाशी आणि पोपटी. यांपैकी शेवटच्या शब्दाविषयी शंका घेण्याचे कारण आजवर कोणाला नव्हते. पोपट हिरवा असतो हे गृहीतच होते. तथापि पाळीव पक्ष्यांच्या बाजारात आज निळे, पिवळे, पांढरे आणि करडे पोपट मिळतात व ते सर्रास ‘परदेशी’ म्हणून विकले जातात. वस्तुतः त्यांतील पुष्कळांची जात आपल्याच कंठवाल्या पोपटाची आहे. आमच्या इंदिरानगरातील झाडांवर सायंकाळी कलकलाट करीत उतरणारे थवे याच जातीचे. या रंगांना इतिहास आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. कारण या इतिहासात पोपटाचा केवळ रंगच नव्हे, तर त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टीही बदलली आहे.

आपल्या वाङ्मयात पोपट येतो तो प्रामुख्याने वक्ता म्हणून. ‘शुकसप्तती’त तो एकेका रात्री एकेक कथा सांगून प्रभावतीला घरात थोपवून धरतो. हीच परंपरा चौदाव्या शतकात नख्शबीच्या ‘तूतीनामा’तून फार्सीत गेली आणि ‘शुकबहात्तरी’च्या रूपाने मराठीतही आली. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त तर चांडालकन्येने शूद्रक राजाच्या दरबारी आणलेला वैशंपायन नावाचा पोपट उजवा पाय उचलून आर्या म्हणतो आणि पुढची कथा त्याच्याच तोंडून उलगडते. याच ग्रंथाच्या नावावरून मराठीने पुढे एका वाङ्मयप्रकाराला ‘कादंबरी’ म्हटले. म्हणजे ज्या ग्रंथाचे नाव आपण रोज वर्गात उच्चारतो, त्याचा मुख्य निवेदक एक पोपट आहे, याचा आपल्याला सहसा विसर पडतो.

वैशंपायनाच्या कथेचा आरंभ शिकारीने होतो हेही लक्षात घ्यावे. वृद्ध शबर शाल्मली वृक्षावर चढतो, ढोलीतील पक्ष्यांना मारून खाली टाकतो. बापाच्या पंखाखाली दडलेले पिलू वाळल्या पानांच्या राशीवर पडल्यामुळे तेवढे वाचते. पोपटाच्या वाणीचे कौतुक आणि त्याला पकडण्याची हिंसा या दोन गोष्टी आपल्या परंपरेत अशा लगटूनच येतात. शके १२१२ मधील ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायातील नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे. पोपटाच्या भाराने नळी फिरते, तो उलटा लोंबकळतो आणि आपण अडकलो या भयाने तीच नळी अधिक घट्ट धरतो. त्याला कोणी बांधलेले नसते. पाय सोडले की तो मुक्तच असतो.

आता रंगाकडे वळू. पोपटाचा हिरवा रंग हे एक रंगद्रव्य नव्हे. त्याच्या पिसाच्या सूक्ष्म, सच्छिद्र रचनेतून प्रकाश विखुरतो आणि मागे असलेल्या कृष्णद्रव्यामुळे तो निळा भासतो. या निळ्यावर पोपटवर्गीय पक्ष्यांच्या शरीरातच तयार होणाऱ्या एका पिवळ्या द्रव्याची छटा चढली की हिरवा दिसतो. उत्परिवर्तनाने पिवळे द्रव्य गेले की पोपट निळा होतो. कृष्णद्रव्य गेले की पिवळा, ज्याला पक्षीपालक ‘ल्युटिनो’ म्हणतात. दोन्ही गेली की पांढरा. म्हणजे हे तिन्ही ‘नवे’ रंग वजाबाकीतून निर्माण झालेले आहेत. निळ्या नराच्या मानेवरील गुलाबी कंठही पांढुरका होतो. ज्या खुणेवरून या जातीला ‘कंठवाला’ म्हणतात, तिचा गुलाबी रंगच या वजाबाकीत नाहीसा होतो.

असे वेगळ्या रंगाचे पिलू रानातही क्वचित जन्मते. पण हिरव्या पानांत पिवळे पीस शिक्ऱ्याच्या नजरेत सहज भरते. शिवाय निळेपणाचे जनुक आई आणि बाप दोघांकडून आले तरच रंग प्रकट होतो, आणि मोठ्या थव्यात असे दोन वाहक एकत्र येणे दुर्मीळ. पिंजऱ्यात मात्र माणूस ती जोडी मुद्दाम लावतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोलकात्यात जन्मलेले आणि इंग्लंडात सरे परगण्यात मोठे पक्षिगृह उभारणारे अल्फ्रेड एझ्रा, तसेच पुढे बेडफर्डचे ड्यूक झालेले टॅव्हिस्टॉक यांच्यासारख्या धनिकांनी हे रंग जोपासले. हिंदुस्थानातील पक्ष्याचा दुर्मीळ रंग साम्राज्याच्या मार्गाने विलायतेत गेला. तिकडे त्याची पैदास वाढली, एका रंगात दुसरा मिसळून नवनव्या छटा घडवल्या गेल्या, आणि तोच पक्षी ‘परदेशी’ हे बिरुद लावून इकडच्या बाजारात आला.

या बिरुदाला व्यवहारात अर्थ आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा; १९९०–९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही आपला पोपट संरक्षित जातींतच मोडतो. हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, हे हळूहळू लोकांना कळू लागले आहे. परंतु निळा राघू त्याच दुकानात निर्धास्त टांगलेला दिसतो. कायद्याची अनुसूची जातीच्या नावाने लिहिलेली आहे, रंगाच्या नव्हे. बाजार मात्र रंगाच्या नावाने चालतो. नाव बदलले की वस्तूच बदलली असे मानण्याची ही युक्ती भाषेच्या अभ्यासकाला तरी अपरिचित नसावी.

आमच्या मते येथे एक स्थित्यंतर घडले आहे. जुना पोपट त्याच्या वाणीसाठी पाळला जाई. त्याचे बोलणे ही पोपटपंची ठरली तरी घरच्यांना ते ऐकावे लागे, आणि ऐकणाऱ्याला कधीतरी त्याच्या बंधनाचीही जाणीव होई. बाणाला ती झाली, म्हणून त्याने पोपटाला स्वतःची कहाणी सांगू दिली. नव्या पोपटाचे मोल प्रथम रंगावरून ठरते. त्याने काही सांगावे अशी अपेक्षा नाही; त्याने दिसावे एवढेच पुरे.

ज्ञानेश्वरांच्या दृष्टान्तातील पोपटाला नळी सोडता येत होती. निळ्या पोपटाची स्थिती याहून बिकट आहे. पिंजऱ्याचे दार उघडले तरी आडोसा देणारा हिरवा रंग त्याच्यापाशी नाही, आणि पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हातचे खाल्लेल्या त्या पक्ष्याला रानही ठाऊक नाही. त्याची नळी आता पायाखाली नसून रक्तात आहे, आणि ती माणसाने निवडून तेथे ठेवली आहे.