डिग्री नसली तरी चांगला पगार : औसा-लातूरच्या मुलामुलींसाठी कामाची माहिती

निकालाचे दिवस आले की लातूर जिल्ह्यात एकच विषय असतो. नीटला किती गुण पडले, कोणत्या क्लासचे किती लागले, लातूर पॅटर्न यंदा कसा राहिला. चौकाचौकात फोटोंचे बोर्ड लागतात. ज्यांचे फोटो लागत नाहीत अशी मुलं मात्र कितीतरी जास्त असतात, आणि त्यांचं पुढे काय, हे कोणी विचारत नाही.

औशापासून लातूर जेमतेम वीस किलोमीटर. तरी क्लासची फी, रूमचं भाडं आणि दोन-दोन वेळा रिपीट करणं प्रत्येक घराला झेपत नाही. मग मुलगा नावापुरता बी.ए.ला ॲडमिशन घेतो, दिवसभर गॅरेजवर किंवा दुकानात बसतो. दोन वर्षांनी कोणीतरी ओळखीचा एजंट घरी येतो, बाहेरच्या व्हिसाची गोष्ट काढतो, आणि आईचे दागिने सोनाराकडे जातात. हे टळू शकतं. डिग्रीशिवाय चांगला पगार मिळतो, पण त्यासाठी हातात हुनर हवं, त्या हुनरचा सरकारमान्य कागद हवा आणि चार-पाच वर्षांचा सब्र हवा. या तिन्ही गोष्टी असतील तर कोणते दरवाजे उघडतात, ते खाली दिलं आहे.

आधी दहावी पूर्ण करा

दहावी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा कागद आहे. नापास झालेल्यांनी किंवा शाळा सुटलेल्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा द्यावी. मदरशात शिकलेल्या, पण बोर्डाची दहावी नसलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय (एनआयओएस) आहे. तिथे मराठी आणि उर्दू माध्यमातही परीक्षा देता येते.

दहावीचा फायदा पासपोर्टमध्येही दिसतो. दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट साधारणपणे ईसीआर प्रकारचा निघतो, म्हणजे आखातासह ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. दहावी पास असेल, किंवा आयटीआयचं दोन वर्षांचं मान्यताप्राप्त सर्टिफिकेट असेल, तर ही अट राहत नाही.

आयटीआय : ट्रेड निवडताना काय बघावं

लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी शासकीय आयटीआय आहेत. प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन, फेऱ्यांनुसार होतात. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, एसी-फ्रिज हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. काही ट्रेडना दहावी नापासही चालतो. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाने काही शासकीय आयटीआयमध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या तुकड्या सुरू केल्या आहेत. फॉर्म भरताना त्याची चौकशी जरूर करा.

मित्राने घेतला म्हणून ट्रेड घेऊ नका. त्या ट्रेडवर कोणत्या सरकारी भरत्या निघतात, जवळपास कोणता कारखाना आहे आणि बाहेर मागणी आहे का, हे तीन प्रश्न विचारा. इलेक्ट्रिशियन आणि फिटर या तिन्हींत बसतात. लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यात पहिल्या डब्याचा सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये तयार झाला, आणि वंदे भारत स्लीपर गाड्या बांधण्यासाठी हा कारखाना निवडला गेला आहे. डबा बांधायचा म्हणजे वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, पेंटर लागणारच.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप टाळू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनी विद्यावेतन देते. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्यांसाठी ते किमान ७,००० रुपये होतं. रक्कम कमी वाटते, पण वर्षअखेरीस मिळणारं राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र रेल्वेत आणि मोठ्या कंपन्यांत वजन धरतं. पुढे शिकायची इच्छा झाली तर दहावी अधिक दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

रेल्वे आणि वीज : दहावी अधिक आयटीआय

रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आणि टेक्निशियन ग्रेड ३ या जागांना दहावी आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय पुरतो. सातव्या वेतन आयोगात दोन्हींचा सुरुवातीचा मूळ पगार १९,९०० रुपये. जानेवारी २०२५ चा ५५ टक्के महागाई भत्ता धरला तर त्यात १०,९४५ रुपये वाढतात, म्हणजे ३०,८४५ झाले. घरभाडं आणि इतर भत्ते वेगळे. इंजिनवर काम करणाऱ्यांना किलोमीटरप्रमाणे भत्ता मिळतो. पुढे लोको पायलट झाल्यावर मूळ पगार ३५,४०० पासून सुरू होतो. परीक्षा संगणकावर असते आणि मराठीत किंवा उर्दूतही देता येते. एक गोष्ट आधीच तपासा : लोको पायलटसाठी नजर चष्म्याशिवाय चांगली लागते. वर्षभर अभ्यास करून मेडिकलला बाहेर पडण्यापेक्षा डोळे आधी दाखवून घ्या.

महावितरणमध्ये विद्युत सहायकाची भरती निघते. त्याला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड लागतो. शिक्षणाची अट त्या-त्या जाहिरातीत बघावी. पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर काढावी लागतात, नंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी मिळते. ही तीन वर्षं जड जातात. घरच्यांनी तेवढा धीर धरला तर पुढची तीस वर्षं सुधारतात.

मुलींसाठी : नर्सिंगचा डिप्लोमा

जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. बारावीनंतर करता येतो आणि कोणत्याही शाखेची मुलगी पात्र असते, फक्त इंग्रजी विषय आणि ठरावीक टक्के लागतात. कोर्स झाल्यावर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी करायची. मग किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलमध्ये दोन वर्षं काम केलं की एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला बसता येतं. या पदाचा सुरुवातीचा मूळ पगार ४४,९०० रुपये आहे. वरचाच ५५ टक्के भत्ता धरला तर ६९,५९५ होतात. डिग्री नसताना सुरुवातीलाच एवढा पगार देणाऱ्या सरकारी जागा फार थोड्या आहेत. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते स्वतः जाऊन बघा. मान्यता नसलेल्या कोर्सचा कागद नोंदणीला चालत नाही.

वेल्डिंगमध्ये पैसा कुठे आहे

गेट-ग्रिल जोडणारा वेल्डर आणि रिफायनरीत पाइप जोडणारा वेल्डर, दोघांच्या हातात तेच मशीन दिसतं. मजुरीत मात्र मोठा फरक असतो. रिफायनरीच्या पाइपमधून दाबाखाली तेल आणि गॅस जातो. प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढला जातो. जोड फेल गेला तर कापून पुन्हा करावा लागतो, आणि प्लांट जितका वेळ बंद तितकं कंपनीचं नुकसान. म्हणून जो पहिल्या झटक्यात पास होणारा जोड देतो, त्याला जास्त पैसे मिळतात.

आयटीआयनंतर आर्गन म्हणजे टिग वेल्डिंग शिका आणि टेस्टची तयारी करा. ३जी मध्ये उभी प्लेट जोडायची असते. ६जी मध्ये पाइप ४५ अंशांत तिरपा बांधलेला असतो आणि तो न फिरवता चारही बाजूंनी जोडायचा असतो. ६जी पास वेल्डरला पुणे, मुंबई, गुजरात आणि आखात, सगळीकडे विचारणा असते. शिकताना डोळ्यांचं आणि फुप्फुसांचं संरक्षण मात्र पहिल्या दिवसापासून करा. काच आणि मास्क न वापरणारे वेल्डर चाळिशीतच थकतात.

जहाजावरची नोकरी

कोकणातल्या मुस्लिम घरांत जहाजावरची नोकरी पिढ्यांपासून आहे. मराठवाड्यात तिची माहिती कमी, आणि त्याचाच फायदा दलाल घेतात. दहावीवर जनरल पर्पज रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स करता येतो, पण संस्था नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेली असली पाहिजे. नाव संचालनालयाच्या वेबसाइटवर तपासा. नोकरी लावून देणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल लायसन्स हवं, आणि नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायला नियमात मनाई आहे. थेट बुक काढून देतो, जहाजावर चढवून देतो म्हणत जो लाखांत मागतो, त्याच्यापासून लांब राहा.

आखातात जायचं असेल तर

१. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट वेबसाइटवर बघा. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढीच सेवाफी घेता येते. १८ टक्के जीएसटी धरून ३५,४०० होतात. पावती घ्या.

२. व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नका. तिथे कामाचा करार नसतो, इकामा नसतो, आणि पगार बुडाला तर दाद मागणं फार कठीण होतं.

३. करारात मूळ पगार, कामाचे तास, ओव्हरटाइम, राहणं, जेवण आणि परतीचं तिकीट वेगवेगळं लिहिलेलं असावं. काही एजंट ओव्हरटाइम धरून पगार सांगतात. सौदी कायद्यात दिवसाचे आठ तास आहेत, रमजानमध्ये मुस्लिम कामगारांसाठी सहा. जादा तासांना नेहमीच्या तासाच्या मजुरीवर मूळ पगाराच्या हिशोबाने पन्नास टक्के जास्त मिळायला हवेत.

४. सौदीसाठी इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, एसी मेकॅनिक अशा ट्रेडना तकामुलची कौशल्य चाचणी भारतातच द्यावी लागते. हुनर नसताना व्हिसा घेतलेला मुलगा इथेच अडकतो, आणि भरलेले पैसे परत मिळणं अवघड होतं.

५. ईसीआर पासपोर्ट असेल तर परवानगी घेऊनच जा. त्यासोबत प्रवासी भारतीय विमा मिळतो. दोन वर्षांचे २७५ किंवा तीन वर्षांचे ३७५ रुपये भरून अपघाती मृत्यू किंवा अपघाताने आलेल्या कायमच्या अपंगत्वाला १० लाखांपर्यंतचं संरक्षण असतं. परवानगीची भानगड नको म्हणून आडमार्गाने जाणारा हे सगळं गमावतो.

६. पासपोर्ट, करार आणि व्हिसाची एक-एक झेरॉक्स घरी ठेवून जा. तिकडे अडचण आली तर घरचे परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार करू शकतात, पण कागद नसतील तर तक्रार पुढे सरकत नाही.

पालकांना दोन शब्द

यातला कोणताही रस्ता सहा महिन्यांत लाख रुपये देत नाही. आयटीआयची दोन वर्षं, अप्रेंटिसचं एक, मग कमी पगाराची एक-दोन, असा हिशोब धरा. एवढ्या काळात मुलाला घरखर्चासाठी मध्येच काढून घेतलं तर सर्टिफिकेट अर्धवट राहतं आणि तो आयुष्यभर हेल्परच्या मजुरीवर राहतो. एजंटला द्यायला दीड लाख उभे होत असतील, तर त्यातला थोडा भाग आर्गनच्या ट्रेनिंगला आणि टेस्टच्या फीला लावा. बाकीचे घरातच राहू द्या.

या आठवड्यात करण्यासारखं एवढंच : मार्कमेमो, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला असेल तर तो, यांवरचं नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते जुळवा. उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना आपल्या नावांची स्पेलिंग बदलतात, आणि भरतीच्या कागदपत्र तपासणीत चांगली मुलं तिथेच अडतात. ही दुरुस्ती आज स्वस्तात होते. नोकरी दारात आल्यावर तिला वेळ उरत नाही.