पाटी वेचणारी पोरं

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात अँथ्रासाइट हा टणक, कमी धूर देणारा दगडी कोळसा निघतो. आधी तो हातोड्यांनी फोडत. १८४४ साली मायनर्सव्हिलला दातेरी रुळांत कोळसा भरडणारा ‘ब्रेकर’ उभा राहिला आणि फोडायचं काम झपाट्याने होऊ लागलं. पण कोळशाबरोबर पाटीचा दगडही वर येई. तो जळत नाही, त्यामुळे शेगडीसाठी पैसे मोजणारं गिऱ्हाईक तो चालवून घेईना. भरडणाऱ्या रुळांना काळ्या कोळशातला काळा दगड ओळखता येत नव्हता. त्यासाठी डोळे आणि बोटं हवी होती, आणि सर्वांत स्वस्त बोटं लहान मुलांची होती. ‘ब्रेकर बॉय’ जन्मला तो असा, यंत्राच्या पोटी.

आठ-दहा वर्षांची पोरं उतरत्या पन्हळीवर आडव्या फळीवर ओणवी बसत. पायाखालून कोळसा घरंगळत जाई. बुटांनी तो अडवायचा आणि वाहत्या ढिगातून पाटी उचलून बाजूला टाकायची. दिवसाचे दहा-दहा तास. हातमोजे घालायची मुभा नसे, कारण स्पर्श बोथट होतो. नव्या पोराची बोटं सुजून फुटत, रक्ताळत. या बोटांना तिथे ‘लाल टोकं’ म्हणत. तोल गेला तर कोळशाखाली गुदमरून मरण. खाणीत जायबंदी झालेले म्हातारे कामगारही शेवटी याच फळीवर येत.

१८८५ च्या राज्य कायद्याने ब्रेकरवर बारा वर्षांखालच्या मुलांना बंदी केली. पण घरात खाणारी तोंडं जास्त, म्हणून आईबापच वय वाढवून सांगत. त्या आईबापांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. मजुरीचा दर त्यांनी ठरवला नव्हता.

जानेवारी १९११ मध्ये छायाचित्रकार लुइस हाइनने साउथ पिटस्टनच्या ब्रेकरमध्ये या पोरांचे फोटो काढले. धूळ इतकी, की मधूनच समोरचं दिसेना.

दगड वेगळा करायला पोरंच हवीत असं नव्हतं. पाण्यात हिंदकळवून जड दगड खाली बसवायची युक्ती धातूच्या खाणींना कित्येक शतकं ठाऊक होती. ती इथे सर्रास यायला विसावं शतक उजाडलं. माझ्या मते अडचण तंत्राची नव्हतीच. पोरं स्वस्त होती, तोवर यंत्र महाग वाटत होतं. खाणीत मुलं राबवणाऱ्यांचा माल राज्याबाहेर जाऊ न देणारा १९१६ चा केंद्रीय कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१८ मध्ये रद्द केला. टिकणारा केंद्रीय कायदा आला १९३८ मध्ये. तोवर ब्रेकरमधलं बहुतेक काम यंत्रांकडे गेलं होतं.